पदरी पडले, पण पवित्र नव्हे!

मैत्रिणींनो, मागच्या खेपेस आपण पावसाळ्यात डाळी-कडधान्यांना कीड लागू नये म्हणून काय करावे ते पाहिले. या खेपेचा विषय जरा निराळा आहे. किडलेली डाळ निदान दिसते तरी! वाण्याकडे नेऊन "हे बघा हो भाऊ" असे म्हणता येते. पण जी वस्तू आतून बिघडली आहे आणि वरून अगदी चकचकीत दिसते, तिचे काय करायचे? दुकानदाराला दाखवायचे तरी काय? २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या घरातल्या संगणकाने मला हा धडा शिकवला. "हा पुरुषांचा विषय" म्हणून पान उलटू नका. संगणकाचे मला फारसे कळत नाही, तरी हे काम मीच तडीला नेले, आणि ते घर चालवताना अंगी लागलेल्या सवयींवरच.

आमचा संगणक २०२३ च्या दिवाळीत घेतला. काही भिशीचे पैसे, काही माझ्या शिकवण्यांचे. मुलगा बारावीनंतर ॲनिमेशन शिकतो. त्याला जोरदार यंत्र हवे होते. मला शाळेच्या प्रश्नपत्रिका टाईप करायला काहीही चालले असते. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन तो जुळवून घेतला. सगळे मिळून शेहेचाळीस हजार झाले. त्यातले साडेतेरा हजार एकट्या प्रोसेसरचे. प्रोसेसर म्हणजे काडेपेटीहून थोडा मोठा, चपटा, चौकोनी तुकडा. संगणकातली सगळी आकडेमोड तोच करतो. कणीक, तवा, शेगडी सगळे उत्तम असले तरी पोळी लाटणारीचा हात चुकला तर काय होईल? तसेच याचे.

दीड वर्ष सुरळीत चालले. जूनमध्ये कुरकुर सुरू झाली. काम करता करता पडदा निळा व्हायचा आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा. आमच्या आचोळ्यात पावसाळ्यात वीज जायला निमित्त लागत नाही, म्हणून आधी विजेवर राग काढला. मग हवेतल्या दमटपणावर. आणि मग, खरे तेच सांगते, मुलावर!

"रात्र रात्र गेम खेळतोस. तापवून तापवून जाळलास अखेर!" मी म्हटले.

"आई, मी काही केलं नाही ग," तो म्हणाला.

"मग काय भुतानं केलं?"

एवढ्यावर थांबले नाही. कीबोर्ड काढून माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावले. त्याचे वर्षाचे काम द्यायची तारीख जवळ आली होती. बिचारा रोज संध्याकाळी विरारला मित्राकडे जाऊन काम करायचा, दहाच्या पुढे घरी यायचा, ताट वाढून ठेवलेले असायचे ते गुपचूप जेवायचा. तीन आठवडे आमच्यात "हो", "नाही" यापलीकडे बोलणे नव्हते. मला वाटत होते, मी शिस्त लावते आहे.

शेवटी आचोळे रोडवर संगणक दुरुस्तीचे छोटे दुकान चालवणारा एक मुलगा घरी आला. माझाच जुना विद्यार्थी. मी त्याला पहिला प्रश्न विचारला तोही असाच, "गेम खेळून जळला ना रे हा?"

तो हसला. म्हणाला, "बाई, आधी स्वस्तातल्या भागावर संशय घ्यायचा, मग महागातल्या. आणि माणसावर सगळ्यात शेवटी."

त्याची तपासण्याची रीत मला इतकी आवडली की तुम्हाला सांगतेच. भात करपला तर आपण आधी आच पाहतो, मग पाणी, मग पातेले. एकेक गोष्ट बदलून पाहतो. सगळ्या एकदम बदलल्या तर चूक कशाची होती ते कळणारच नाही. त्याने तसेच केले. आधी पंखे आणि धूळ साफ केली. मग रॅमच्या पट्ट्या बदलून पाहिल्या, कारण असला बिघाड बहुतेक वेळा तिथे असतो. मग वीज पुरवणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस, आपल्याकडची लावली. तरी निळा पडदा हजर! मग त्याने आमचा प्रोसेसर काढून आपल्याकडचा तसलाच दुसरा बसवला. यंत्र दोन दिवस सलग चालले, एकदाही अडखळले नाही. आता उलट परीक्षा. आमचा प्रोसेसर त्याने आपल्या दुकानातल्या चांगल्या यंत्रात बसवला. तासाभरात तेही यंत्र निळे पडले.

"झालं बाई. दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं. प्रोसेसरच सदोष आहे. असं फार क्वचित होतं, पण होतं. गेम खेळल्यानं प्रोसेसर जळत नाही. फार तापला तर तो स्वतःच वेग कमी करतो, अगदीच झालं तर बंद पडतो. तशी सोयच केलेली असते त्यात."

मी कपाटाकडे पाहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बरे, वॉरंटी? बिल माझ्या फायलीत होते. घरातल्या प्रत्येक यंत्राचे बिल मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फायलीला लावते. त्यावर दुकानदाराचा शिक्का होता : "वॉरंटी एक वर्ष". म्हणजे मुदत टळलेली! ह्यांनी लगेच निकाल दिला, "अगं, सोडून दे. पदरी पडलं, पवित्र झालं म्हणायचं. हप्त्यानं नवा घेऊ."

साडेतेरा हजार म्हणजे माझ्या शिकवणीतल्या नऊ मुलांची दीड महिन्याची फी. मला काही ते पवित्र वाटेना!

माझ्या त्या विद्यार्थ्याने विचारले, "बाई, प्रोसेसरचं खोकं आहे का हो? खोक्यातून आलेल्या प्रोसेसरला कंपनीची वेगळी वॉरंटी असते, बहुधा तीन वर्षांची. दुकानदाराचा शिक्का वेगळा आणि कंपनीचा शब्द वेगळा." खोके! ते तर भंगारवाल्याला द्यायचे म्हणून ह्यांनी दोनदा बाहेर काढले होते आणि मी दोनदा परत आत घेतले होते. मजबूत, छान आकाराचे खोके म्हणून मी त्यात शिवणाच्या मशीनचे बॉबिन आणि हुका ठेवत होते. बॉबिन ताटात ओतले आणि पाहिले. खोक्यावर क्रमांकाची चिठ्ठी शाबूत होती, आणि प्रोसेसरच्या धातूच्या टोपणावर कोरलेला क्रमांक तिच्याशी तंतोतंत जुळत होता.

शनिवारी शाळा सुटल्यावर नालासोपाऱ्याहून गाडी धरली, मुंबई सेंट्रलला धीम्या गाडीत बदलून ग्रँट रोडला उतरले. दुकानदार माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मॅडम, प्रोसेसर कधी जात नाही. बोर्ड बघा. आणि मुलं गेम खेळून जाळतात, त्याला आम्ही काय करणार? साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो."

मी म्हटले, "साहेबांचं राहू द्या. हे जे बोललात तेवढं बिलाच्या मागं लिहून, सही-शिक्का करून द्या. 'प्रोसेसर खराब होत नाही, म्हणून आम्ही तपासणार नाही.' एवढंच."

लिहून द्या म्हटल्यावर आवाज खाली येतो, हा माझा शाळेतला आणि घरातलाही अनुभव. लिहून काही दिले नाही, पण कंपनीकडे तक्रार कुठे नोंदवायची ते सांगितले आणि बिलाची पक्की प्रतही काढून दिली.

गाडीत बसल्यावर मला एक जुनी हकिकत आठवली. मी ती सातवीच्या मुलांना भागाकार शिकवताना सांगते. १९९४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातले थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांच्या संगणकाची उत्तरे जुळेनात. आपली चूक, प्रोग्रॅमची चूक, बोर्डाची चूक असे एकेक तपासत महिने गेले. शेवटी सापडले की चूक इंटेल कंपनीच्या नव्या पेंटियम प्रोसेसरचीच आहे. भागाकारासाठी त्याच्या पोटात एक तक्ता भरलेला होता, आपण मुलांकडून पाढे पाठ करून घेतो तसा. त्या तक्त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या. त्यामुळे ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले की उत्तर १.३३३८२ यायच्या ऐवजी १.३३३७४ यायचे. चौथ्या दशांश स्थळावर चूक!

कंपनीने आधी काय म्हणावे? म्हणे, साध्या माणसाला अशी चूक सत्तावीस हजार वर्षांतून एकदा भेटेल. ज्यांना खरोखर अचूक गणिताची गरज आहे त्यांनी ती दाखवून द्यावी, मग बदलून देऊ. लोक खवळले. दाम पूर्ण घेतलेत, मग माझे काम मोठे की छोटे हे तुम्ही कोण ठरवणार? अखेर २० डिसेंबर १९९४ रोजी कंपनीने जाहीर केले, जो मागेल त्याला बदलून मिळेल. त्यापायी तिने ४७ कोटी ५० लाख डॉलर हिशेबात खर्ची टाकले.

माझे काम प्रश्नपत्रिकांचे, मुलाचे चित्रांचे. आम्ही काही मूळ संख्या शोधत नव्हतो. पण "साहेबांना पाठवा" आणि "तुमची गरज दाखवा" या दोन वाक्यांत मला फारसा फरक वाटला नाही. ज्याने दाम मोजले त्याला वस्तू धड मिळाली पाहिजे. त्यासाठी ती व्यक्ती मोठी असावी लागत नाही.

घरी आल्यावर मुलाला मदतीला घेतले आणि कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिले, ई-मेलने. राग एका शब्दाने दाखवला नाही. वस्तू कधी घेतली, त्रास कोणत्या तारखेपासून, काय काय तपासले, दोन्ही बाजूंची परीक्षा, असे क्रमवार लिहिले. बिल, खोक्याची चिठ्ठी आणि प्रोसेसरवरचा क्रमांक यांचे फोटो जोडले. उत्तर आले, आणखी प्रश्न आले : ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला होता का, बायॉस अद्ययावत आहे का? बायॉस म्हणजे बोर्डाच्या आतला मूळ प्रोग्रॅम. प्रत्येक प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर दिले. पाचव्या पत्राला त्यांनी मान्य केले. प्रोसेसर पाठवला आणि बाराव्या दिवशी नवा हातात आला. कंपनीचे नाव मी इथे देत नाही. तिने शेवटी शब्द पाळला, आणि आपल्याला धडा महत्त्वाचा.

नवा प्रोसेसर बसला त्या संध्याकाळी मी कपाट उघडले, कीबोर्ड काढला आणि मुलाच्या टेबलावर ठेवला. म्हटले, "बाळा, माझं चुकलं. तुझं ऐकून घ्यायला हवं होतं." तो काही बोलला नाही. रात्री मात्र आपणहून म्हणाला, "आई, तुझ्या प्रश्नपत्रिका दे, मी टाईप करतो." मैत्रिणींनो, प्रोसेसर बारा दिवसांत बदलून मिळाला. मुलाचे ते तीन आठवडे बदलून मिळायचे नाहीत. घरात काही बिघडले की आधी माणसाला धरायचे, ही खोड मी तेव्हापासून सोडायचा प्रयत्न करते आहे.

आता नेहमीप्रमाणे कामाच्या चार गोष्टी. कापून फायलीला लावून ठेवा.

१. जुळवलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी निराळी असते. घेतानाच वहीत लिहा : भागाचे नाव, क्रमांक, तारीख, मुदत. तयार संगणक किंवा लॅपटॉप असेल तर तक्रार सहसा तो बनवणाऱ्या कंपनीकडे करायची असते.

२. प्रोसेसर खोक्यातला, सीलबंद घ्या. काही दुकानांत तो "ट्रे"चा म्हणून खोक्याविना थोडा स्वस्त मिळतो. त्याला बनवणाऱ्या कंपनीची थेट वॉरंटी सहसा नसते, दुकानदार देईल तेवढीच. घेण्याआधी विचारून बिलावर लिहून घ्या.

३. बिल पक्के, जीएसटीचे घ्या आणि त्यावर भागाचा क्रमांक लिहायला लावा. बिलाची शाई उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. खोके वॉरंटी संपेपर्यंत ठेवा. बॉबिन ठेवायला हरकत नाही!

४. बिघाड स्वस्त भागापासून महाग भागापर्यंत तपासा, एका वेळी एकच भाग बदला, आणि काय आढळले ते तारखेसह लिहा.

५. प्रोसेसर स्वतः काढू नका, जाणकाराकडून काढून घ्या. काहींच्या पोटाला केसासारख्या बारीक टाचण्या असतात, काहींत त्या बोर्डाच्या खाचेत असतात. एक वाकली तरी "तुम्हीच मोडला" म्हणून वॉरंटी नाकारतात. वरची पेस्ट पुसून तो त्याच्या मूळ प्लॅस्टिकच्या डबीत घालून पाठवा. कापसात किंवा रुमालात गुंडाळू नका. पाठवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा.

६. बदलून आलेल्या वस्तूला नवी मुदत मिळते असे समजू नका. बहुधा जुन्या मुदतीतले उरलेले दिवसच मिळतात. ते लेखी विचारून घ्या.

७. तुमच्याकडे इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर विशेष लक्ष द्या. आमचा त्या पिढ्यांतला नव्हता, पण त्यांची गोष्ट माहीत हवी. त्यातल्या बऱ्याच प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते हळूहळू झिजत आहेत, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले. त्यावर बायॉसची दुरुस्ती दिली आणि खोक्यातल्या अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षे केली. दुरुस्ती पुढचे नुकसान टाळते, झालेले भरून काढत नाही. म्हणून बायॉस अद्ययावत करून घ्या, आणि तरी यंत्र अडखळत असेल तर बदलून मागा.

८. दुकानदार वा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीतही बोलता येते. त्यानेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असे नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र गेले पाहिजे. बिल न देणे हीसुद्धा या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

हे हक्क काही आपोआप मिळालेले नाहीत. आपल्या महाराष्ट्रात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. महिन्याचे वाणसामान एकत्र मागवून, निवडून, वजन करून वाटून घेणाऱ्या तिच्या गटांत बायकाच पुढे होत्या. ग्राहकांसाठीचा पहिला स्वतंत्र कायदा त्यानंतर, १९८६ मध्ये आला. चौकशी करून घेणे आणि हिशेब मागणे हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. तांदळात खडे निघाले तर आपण बोलतो, मग यंत्रात खडा निघाला तर गप्प का बसायचे?

"पदरी पडलं, पवित्र झालं" ही म्हण चुकून तिखट झालेल्या आमटीला ठीक आहे. दाम मोजून घेतलेल्या वस्तूला नाही.

पुढच्या खेपेस : गणपतीआधी तांब्या-पितळेची भांडी कमी मेहनतीत कशी उजळावीत.